कोणत्या देशात किती शिक्षिका? अल्पकालीन उच्च शिक्षणाचा आकडा वाचायचा कसा

‘जगात सर्वाधिक महिला प्राध्यापक असलेले देश’ अशा नावाच्या याद्या सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. देशाचा झेंडा, शेजारी एक मोठा आकडा आणि खाली कमेंट्समध्ये वाद, की आपण पुढे आहोत की मागे?

अशा याद्यांमागे अनेकदा युनेस्को किंवा जागतिक बँकेच्या माहितीसाठ्यातला एखादा रकाना असतो. त्यातलाच एक रकाना आहे अल्पकालीन उच्च शिक्षणातल्या शिक्षिकांच्या संख्येचा. म्हणजे पूर्ण पदवीपेक्षा लहान, साधारण दोन-तीन वर्षांचे डिप्लोमासारखे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या किती महिला त्या देशात आहेत, त्याचा आकडा.

आकडा खरा असतो. पण तो देशादेशांत जसाच्या तसा शेजारी ठेवला, तर त्यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. कारण हा आकडा त्या देशातल्या महिलांबद्दल काही सांगण्याआधी तिथली शाळा कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होतं, हे सांगत असतो.

ते कसं, ते एकेक करून पाहू.

अल्पकालीन उच्च शिक्षण म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक देशाची शिक्षणपद्धती वेगळी. आपल्याकडे दहावी-बारावी, इंग्लंडमध्ये ए-लेव्हल, फ्रान्समध्ये बॅकलोरिया. यांची तुलना करायची तर एक सामाईक मोजपट्टी हवी. ती युनेस्कोने १९७०च्या दशकात तयार केली. तिचं नाव आंतरराष्ट्रीय प्रमाण शिक्षण वर्गीकरण. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘इस्केड’ म्हणतात.

या मोजपट्टीची सध्याची आवृत्ती २०११ साली युनेस्कोच्या महासभेने स्वीकारली. तिच्यात शून्य ते आठ अशा नऊ पातळ्या आहेत. शून्य म्हणजे बालवाडी आणि त्याआधीचं शिक्षण. पहिली पातळी प्राथमिक, दुसरी आणि तिसरी माध्यमिक. चौथी पातळी माध्यमिकनंतरच्या, पण उच्च शिक्षणात न बसणाऱ्या अभ्यासक्रमांची. सहावी पदवीची, सातवी पदव्युत्तर, आठवी पीएचडीची.

आपला विषय आहे तो मधल्या पाचव्या पातळीचा. तिची ढोबळ ओळख अशी: उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केल्यावर प्रवेश, साधारण किमान दोन वर्षांचा कालावधी, पदवीपेक्षा लहान, आणि बहुतेक वेळा एखाद्या कामाशी किंवा व्यवसायाशी थेट जोडलेला अभ्यासक्रम. तो संपवून नोकरीला लागता येतं किंवा पुढे पदवीकडेही वळता येतं.

इथे मराठी वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे अकरावी-बारावी. या मोजपट्टीवर ती तिसरी पातळी झाली. अमेरिकेत आणि जपानमध्ये ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे शालेय शिक्षण पूर्ण केल्यानंतरचं दोन-तीन वर्षांचं कॉलेज, म्हणजे पाचवी पातळी. नाव एकच, पण पातळी वेगळी. परदेशी आकडेवारी वाचताना हा घोळ सहज होतो.

हे आकडे गोळा कोण करतं?

युनेस्कोची सांख्यिकी संस्था १९९९ साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय कॅनडातल्या माँट्रियल शहरात आहे. देशोदेशींची शिक्षण मंत्रालयं आणि सांख्यिकी कार्यालयं आपापली माहिती या संस्थेला पाठवतात. युरोपातले आणि इतर श्रीमंत देश हीच माहिती युनेस्को, ओईसीडी आणि युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय अशा तिघांना एकाच नमुन्यात देतात. जागतिक बँक आपल्या संकेतस्थळावर शिक्षणाचे जे आकडे दाखवते, त्यातले बरेचसे युनेस्कोच्या या संस्थेकडूनच आलेले असतात.

म्हणजे मूळ माहिती देशाचीच असते. कोणता अभ्यासक्रम कोणत्या पातळीवर बसवायचा, याचे निकष सगळ्यांना समान असतात, पण ते लावले जातात त्या त्या देशाच्या पद्धतीवर. खरी गुंतागुंत इथून सुरू होते.

एकच पातळी, पण प्रत्येक देशात वेगळी जागा

पाचव्या पातळीवर कोण शिकवतं, ते काही देशांत पाहू.

अमेरिका: इथे ही पातळी म्हणजे प्रामुख्याने कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी देणारी अशी सुमारे एक हजार कॉलेजं देशभर आहेत. इलिनॉय राज्यातलं १९०१ साली सुरू झालेलं जोलिएट ज्युनियर कॉलेज हे त्यातलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज मानलं जातं. इथले शिक्षक स्वतंत्र कॉलेजचे शिक्षक असतात.

चीन: इथे तीन वर्षांचे व्यावसायिक अभ्यासक्रम देणारी कॉलेजं या पातळीवर येतात. चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार अशी सुमारे १,५०० कॉलेजं होती आणि त्यांत पुरुष व महिला मिळून सुमारे ६.२ लाख पूर्णवेळ शिक्षक होते. नुसत्या संख्येच्या कोणत्याही यादीत चीन वर दिसणार, हे इथेच ठरून जातं.

फ्रान्स: दोन वर्षांचा ‘बीटीएस’ हा तंत्रज्ञ घडवणारा अभ्यासक्रम इथे लोकप्रिय आहे. तो बहुतांश ‘लिसे’मध्ये, म्हणजे उच्च माध्यमिक शाळांच्या आवारातच शिकवला जातो. विद्यार्थी उच्च शिक्षणातला, पण इमारत शाळेची आणि शिक्षकही बऱ्याचदा शाळेच्या सेवेतले.

स्पेन: इथलं उच्च श्रेणीचं व्यावसायिक शिक्षणही याच पातळीवर मोडतं आणि ते मुख्यतः माध्यमिक शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्येच चालतं.

ऑस्ट्रिया: इथे तर एकाच शाळेचे दोन भाग होतात. तिथली उच्च व्यावसायिक शाळा पाच वर्षांची असते. मुलं साधारण चौदाव्या वर्षी तिथे जातात. त्यातली पहिली तीन वर्षं तिसऱ्या पातळीवर धरतात आणि शेवटची दोन वर्षं पाचव्या पातळीवर. म्हणजे एखादी शिक्षिका सकाळी तिसऱ्या इयत्तेच्या वर्गाला शिकवते तेव्हा ती माध्यमिक शिक्षणात असते, आणि दुपारी त्याच इमारतीत चौथ्या वर्षाला शिकवते तेव्हा उच्च शिक्षणात.

जर्मनी: व्यावसायिक शिक्षणासाठी जगभर नावाजलेला हा देश पाचव्या पातळीवर जवळपास दिसतच नाही. कारण तिथे शाळेच्या वयातलं कारखाना आणि वर्ग असं जोडशिक्षण माध्यमिक पातळीवर धरलं जातं, आणि त्यानंतरचे ‘माइस्टर’सारखे कारागीर-प्रमुखाचे बहुतेक अभ्यासक्रम थेट पदवीच्या बरोबरीच्या सहाव्या पातळीवर. पाचव्यासाठी काही लहान अभ्यासक्रम तेवढे उरतात.

आता समजा एखाद्या यादीत ऑस्ट्रियाच्या नावापुढे मोठा आकडा आहे आणि जर्मनीपुढे अगदी लहान. यावरून ‘ऑस्ट्रियात महिलांना तांत्रिक शिक्षणात जास्त संधी’ असा निष्कर्ष काढता येईल का? नाही. शेजारी-शेजारी असलेल्या, एकच भाषा बोलणाऱ्या या दोन देशांनी आपल्या अभ्यासक्रमांची जागा वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेचे शिक्षक की विद्यापीठाचे?

यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. जगात बहुतेक ठिकाणी शिक्षणाची पातळी जसजशी वर जाते, तसतसं शिक्षिकांचं प्रमाण घटत जातं. ओईसीडी देशांच्या सरासरीत बालवाडीत ९५ टक्क्यांहून अधिक शिक्षक महिला असतात. प्राथमिक शाळेत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असतं. उच्च शिक्षणात ते सुमारे ४५ टक्क्यांवर येतं.

पाचवी पातळी नेमकी या उताराच्या मध्यावर आहे. तिच्या एका बाजूला महिलांची बहुसंख्या असलेली शाळा आहे आणि दुसऱ्या बाजूला पुरुषांची बहुसंख्या असलेलं विद्यापीठ. त्यामुळे एखाद्या देशात या पातळीवर शाळेच्या सेवेतले शिक्षक मोजले गेले, तर शिक्षिकांचं प्रमाण शाळेकडे झुकण्याची शक्यता असते. विद्यापीठाच्या सेवेतले मोजले गेले, तर विद्यापीठाकडे.

अशा वेळी एका देशाचा टक्का दुसऱ्यापेक्षा चांगला दिसतो, पण त्यामागे महिलांसाठी केलेलं कोणतंही धोरण असेलच असं नाही. अभ्यासक्रम कोणत्या इमारतीत चालतो, यावरही तो टक्का ठरलेला असू शकतो.

जपानचं उदाहरण: एकाच पातळीवर दोन टोकं

देशादेशांतली तुलना बाजूला ठेवू. एकाच देशात, एकाच पातळीवर किती फरक असू शकतो, हे जपानमध्ये स्पष्ट दिसतं.

जपानमध्ये १९५० साली ज्युनियर कॉलेजं सुरू झाली. बालसंगोपन, शिक्षण, गृहशास्त्र, शुश्रूषा असे विषय तिथे प्रामुख्याने शिकवले जातात. विद्यार्थ्यांमध्ये मुलींचं प्रमाण जवळपास दहात नऊ इतकं असतं. इथल्या पूर्णवेळ शिक्षकांमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त महिला आहेत.

त्याच जपानमध्ये १९६२ पासून ‘कोसेन’ नावाची तंत्रज्ञान महाविद्यालयं आहेत. आपल्या तंत्रनिकेतनांची आठवण करून देणारी ही संस्था. मुलं पंधराव्या वर्षी येतात आणि पाच वर्षं अभियांत्रिकी शिकतात. पहिली तीन वर्षं माध्यमिक पातळीची, शेवटची दोन पाचव्या पातळीची. कोसेनमध्ये महिला शिक्षकांचं प्रमाण दहात जेमतेम एक आहे.

एक देश, एक पातळी, पण एका ठिकाणी निम्म्याहून जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी दहात एक. या दोन्हींची बेरीज करून ‘जपानचा टक्का’ काढला, तर तो टक्का दोन्हींपैकी एकाही कॉलेजचं खरं चित्र दाखवणार नाही.

याचा अर्थ असा की या पातळीवर देशापेक्षा विषय जास्त बोलतो. ज्या देशात पाचव्या पातळीवर शुश्रूषा, बालशिक्षण आणि कार्यालयीन कामकाजाचे अभ्यासक्रम जास्त असतील, तिथे शिक्षिका जास्त दिसतील. जिथे यंत्र, बांधकाम आणि वीज यांचे अभ्यासक्रम जास्त, तिथे कमी. दोन देशांत यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महिलांचं प्रमाण अगदी सारखं असलं, तरी एकूण टक्का वेगळा येऊ शकतो.

जपानचं आणखी एक वळण लक्षात घेण्याजोगं आहे. १९९६ साली तिथे ज्युनियर कॉलेजांची संख्या ५९८ होती. आता ती जवळपास ३०० वर आली आहे. एक मोठं कारण म्हणजे मुली आता चार वर्षांच्या विद्यापीठांकडे वळू लागल्या. ज्युनियर कॉलेजं बंद होत गेली की पाचव्या पातळीवरच्या शिक्षिकांची संख्याही घटते. नुसत्या आलेखावर ही घसरण वाईट बातमी वाटेल, पण तिच्यामागे मुली पदवीकडे वळल्याची गोष्ट आहे.

भारताचं काय?

भारतात उच्च शिक्षणाची माहिती ‘आयशे’ म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातून येते. केंद्रीय शिक्षण मंत्रालय ते करतं. २०२१-२२च्या अहवालात १,१६८ विद्यापीठं, ४५,४७३ महाविद्यालयं आणि १२,००२ स्वतंत्र संस्थांची नोंद आहे. तंत्रनिकेतनं, शिक्षक प्रशिक्षण संस्था, नर्सिंगच्या संस्था अशा डिप्लोमा देणाऱ्या अनेक संस्था ‘स्वतंत्र संस्था’ या गटात येतात.

आपल्याकडचे डिप्लोमे एकाच जातीचे नाहीत. डी.फार्म. आणि डी.एल.एड. हे बारावीनंतर दोन वर्षांचे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा बारावीनंतर तीन वर्षांचा. पण अभियांत्रिकीचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो आणि बारावी किंवा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

‘आयशे’ची व्याख्या इथे महत्त्वाची ठरते. बारावीनंतरचं किमान नऊ महिन्यांचं पूर्णवेळ शिक्षण, किंवा दहावीनंतरचं किमान तीन वर्षांचं शिक्षण, याला ती उच्च शिक्षण मानते. त्यामुळे तंत्रनिकेतनाची तिन्ही वर्षं देशाच्या हिशेबात उच्च शिक्षण होतात. आयटीआय मात्र त्यात धरलं जात नाही.

आता ही बाब ऑस्ट्रिया आणि जपानशेजारी ठेवून पाहा. तिन्हीकडे चौदा ते सोळा वर्षांची मुलं तांत्रिक शिक्षण घ्यायला येतात. ऑस्ट्रिया आणि जपानमध्ये त्यांची सुरुवातीची वर्षं माध्यमिक धरतात. आपल्या सर्वेक्षणात पहिल्या दिवसापासून उच्च शिक्षण. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या मॅडम आपल्या हिशेबात उच्च शिक्षणातल्या शिक्षिका आहेत. तेच गणित, त्याच वयाच्या मुलांना, कोसेनच्या पहिल्या वर्षात शिकवणारी शिक्षिका माध्यमिक पातळीचं काम करत असते.

यात कोणताही देश फसवाफसवी करत नाही. प्रत्येकाचा हिशेब त्याच्या पद्धतीप्रमाणे बरोबर आहे. चूक होते ती हे हिशेब न पाहता आकडे शेजारी लावणाऱ्याची.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात आणखी एक प्रश्न आणला आहे. २०२०च्या धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांत बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनीच्या हाती डिप्लोमा असतो, पण तिला शिकवणारे प्राध्यापक पदवीच्याच वर्गाला शिकवत असतात. म्हणजे डिप्लोमाधारक वाढले म्हणून डिप्लोमाचे शिक्षक वाढतील, असं नाही.

संख्या, टक्के आणि ‘दर शंभर पुरुषांमागे’

आता आकड्यांच्या रूपाकडे वळू. एकच गोष्ट तीन प्रकारे सांगता येते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा लागतो.

समजा ‘क’ देशात या पातळीवर एक लाख शिक्षक आहेत आणि त्यात ४०,००० महिला. ‘ख’ देशात एकूण २,००० शिक्षक आणि त्यात १,३०० महिला. संख्येच्या यादीत ‘क’ कितीतरी वर. टक्क्यांच्या यादीत ‘क’ ४० वर आणि ‘ख’ ६५ वर. महिलांचा वाटा कुठे मोठा आहे, या प्रश्नाचं उत्तर ‘ख’ आहे. पण संख्येच्या यादीत ते कधीच दिसणार नाही.

तिसरा प्रकार म्हणजे गुणोत्तर. ‘आयशे’ २०२१-२२ नुसार भारताच्या एकूण उच्च शिक्षणात, म्हणजे सगळ्या पातळ्या मिळून, दर १०० पुरुष शिक्षकांमागे ७७ महिला शिक्षक आहेत. ही ओळ सोशल मीडियावर ‘७७ टक्के महिला’ अशी वाचली जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात १७७ जणांत ७७ महिला, म्हणजे सुमारे ४३ टक्के.

याच अहवालातून संख्या आणि गुणोत्तर एकत्र वाचण्याचा फायदाही कळतो. २०१४-१५ साली देशात ५.६९ लाख महिला शिक्षक होत्या आणि दर १०० पुरुषांमागे ६३ महिला असं गुणोत्तर होतं. २०२१-२२ साली महिला शिक्षक ६.९४ लाख झाल्या, तर एकूण शिक्षक १५.९८ लाख.

या आकड्यांवरून पुरुष शिक्षकांची संख्या काढून पाहा. दोन्ही वर्षी ती नऊ लाखांच्या थोडी वर, जवळपास तेवढीच येते. म्हणजे या सात वर्षांत देशातल्या उच्च शिक्षणात शिक्षकांची जी निव्वळ वाढ झाली, ती जवळजवळ सगळी महिलांची होती. नुसतं ‘६.९४ लाख’ वाचून हे कळत नाही. नुसतं ‘७७’ वाचूनही नाही. दोन्ही एकत्र ठेवले तरच दिसतं.

माणसं मोजली की तास?

युनेस्कोच्या संख्येत सहसा डोकी मोजली जातात. पूर्णवेळ नोकरी करणारी शिक्षिका एक आणि आठवड्याला चार तास शिकवणारी शिक्षिकाही एक.

पाचव्या पातळीवर याचा परिणाम मोठा असतो, कारण इथे अर्धवेळ शिक्षक बरेच असतात. नोकरी करून संध्याकाळी शिकवणारा तंत्रज्ञ, रुग्णालयातलं काम सांभाळून तास घेणारी परिचारिका, तासिका तत्त्वावरचे शिक्षक. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांपैकी निम्म्याहून अधिक महिला आहेत. ऐकायला छान वाटतं. पण तिथल्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांतले साधारण दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ असतात, हेही सोबत सांगावं लागतं. अर्धवेळ कामाला मोबदला कमी आणि नोकरीची शाश्वती नाही.

म्हणून काही ठिकाणी शिक्षकांची संख्या ‘पूर्णवेळ समतुल्य’ करून देतात. म्हणजे प्रत्येकी अर्धा वेळ काम करणाऱ्या दोन शिक्षिका मिळून एक. एका देशाची डोकी आणि दुसऱ्या देशाचे समतुल्य आकडे शेजारी ठेवले, तर पहिला देश विनाकारण मोठा दिसतो.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

आंतरराष्ट्रीय तक्त्यांत काही देशांपुढे आकड्याऐवजी अक्षर असतं. ओईसीडीच्या तक्त्यांत ‘ए’ असेल तर हा प्रकार त्या देशाला लागू नाही. ‘एम’ असेल तर माहिती उपलब्ध नाही. ‘एक्स’ असेल तर हे शिक्षक दुसऱ्या रकान्यात मिळवलेले आहेत, उदाहरणार्थ पदवीच्या शिक्षकांसोबत.

तिन्हींत फरक आहे. पण ही माहिती उचलून यादी बनवणारे अनेकदा अक्षरं गाळतात आणि रकाना रिकामा ठेवतात, किंवा त्याचं शून्य करतात. मग ज्या देशाने आपल्या शिक्षिका पदवीच्या रकान्यात मोजल्या, त्या देशात या पातळीवर ‘एकही शिक्षिका नाही’ असं दिसू लागतं.

याच्या उलटही होतं. बर्म्युडासारख्या छोट्या बेटावर बर्म्युडा कॉलेज हीच मुख्य उच्च शिक्षण संस्था आहे आणि ती प्रामुख्याने दोन वर्षांचे अभ्यासक्रम देते. तिथे पाचव्या पातळीचे शिक्षक म्हणजे जवळपास देशातले सगळे उच्च शिक्षणाचे शिक्षक. एकूण संख्या इतकी लहान की दोन-चार जणींची नेमणूक किंवा निवृत्ती झाली तरी टक्का हलतो.

वर्ष बदललं, मोजपट्टीही बदलली

शेवटचा खड्डा काळाचा. इस्केडच्या १९९७च्या आवृत्तीत ‘पाचवी पातळी’ फार मोठी होती. तिच्यात पदवी, पदव्युत्तर आणि लहान व्यावसायिक अभ्यासक्रम सगळेच यायचे. २०११च्या आवृत्तीने त्यांचे पाचवी, सहावी आणि सातवी असे तुकडे केले आणि २०१४ पासून देशांकडून नव्या पद्धतीने माहिती गोळा होऊ लागली. त्यामुळे २०००च्या दशकातल्या कागदावरची ‘पाचवी पातळी’ आणि आजची ‘पाचवी पातळी’ एक नाहीत.

फ्रान्समध्ये तर अलीकडेच असा बदल झाला. तिथल्या विद्यापीठांशी जोडलेल्या तंत्रज्ञान संस्था १९६६ पासून ‘डीयूटी’ हा दोन वर्षांचा डिप्लोमा देत होत्या. २०२१ पासून त्या जागी तीन वर्षांची ‘बीयूटी’ ही पदवी आली. शिक्षक तेच, वर्ग तेच, कार्यशाळा तीच. पण अभ्यासक्रम पदवीचा झाल्याने तो पाचव्या पातळीवरून सहाव्यावर गेला. आलेखावर शिक्षिका कमी झालेल्या दिसल्या, तरी प्रत्यक्षात कुणाची नोकरी गेलेली नसते.

आणि पुष्कळ याद्यांत ‘उपलब्ध असलेलं ताजं वर्ष’ प्रत्येक देशासाठी वेगळं असतं. एकाचं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याचं गेल्या वर्षीचं. यादीत मात्र दोन्ही शेजारी.

मग तुलना करायचीच नाही का?

करायची, पण नीट. अशी यादी समोर आली, तर शेअर करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा.

१. संख्या आहे, टक्के आहेत की गुणोत्तर? नुसती संख्या असेल तर ती देशाचा आकार सांगते. महिलांचा वाटा कळण्यासाठी टक्के हवेत.

२. त्या देशात पाचव्या पातळीवर कोणते अभ्यासक्रम धरले आहेत? ते शाळेत चालतात, स्वतंत्र कॉलेजात की विद्यापीठात?

३. विषयांची विभागणी मिळते का? नर्सिंगची तुलना नर्सिंगशी आणि यंत्र अभियांत्रिकीची यंत्र अभियांत्रिकीशी करा.

४. डोकी मोजली आहेत की पूर्णवेळ समतुल्य? अर्धवेळ शिक्षक किती?

५. आकडे कोणत्या वर्षाचे? सगळ्या देशांचं वर्ष एकच आहे का, आणि मधल्या काळात वर्गीकरण बदललं का?

६. त्याच देशात शेजारच्या पातळ्यांवर काय चित्र आहे?

यातला सहावा प्रश्न सगळ्यांत उपयोगी आहे. दोन देशांमधल्या तुलनेपेक्षा एकाच देशातल्या पातळ्यांची तुलना जास्त भरवशाची असते, कारण तिथे मोजण्याची पद्धत एकच असते. जपानच्या ज्युनियर कॉलेजांत निम्म्याहून जास्त शिक्षक महिला आहेत, पण विद्यापीठांत महिला सुमारे एक चतुर्थांशच आहेत. जपानमधल्या महिला शिक्षकांची वाट कुठे अडते, हे या दोन आकड्यांवरून लगेच समजतं. जपान आणि दुसऱ्या एखाद्या देशाची यादी कितीही वेळ पाहिली तरी ते समजणार नाही.

हे सगळं एवढं महत्त्वाचं का?

कारण अल्पकालीन उच्च शिक्षण ही अनेक घरांमधल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलीची वाट असते. चार वर्षं थांबणं परवडत नाही, लवकर कमवायचं असतं, म्हणून ती डिप्लोमा निवडते. तिच्या वर्गासमोर कोण उभं असतं, याला महत्त्व आहे. कार्यशाळेत लेथ मशीनवर शिकवणाऱ्या मॅडम पाहिल्या, तर हे काम आपलंही आहे असं तिला वाटू शकतं.

म्हणून या पातळीवर महिला शिक्षक किती आहेत, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण ‘आपण जगात कितवे?’ एवढ्यावर तो थांबला, तर उत्तर म्हणून फक्त देशाचा आकार आणि वर्गीकरणाचे नियम हाती येतात. आपल्या जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनात यंत्र आणि स्थापत्य विभागांत किती महिला अधिव्याख्याता आहेत, त्यातल्या किती कायम आणि किती तासिका तत्त्वावर, आणि पाच वर्षांपूर्वी किती होत्या, हे विचारलं तर मिळणारं उत्तर त्या वर्गातल्या मुलीच्या जास्त कामाचं असेल.